कुंकू लावलेली गाडी

दसऱ्याच्या सकाळी साडेसातला वर्षाराणी कंपनीत आली ती मॉइश्चर मीटर तपासून ठेवायच्या इराद्यानं, आणि गेटातच तिच्या हातात रांगोळीचा डबा आला. डबा देणारे होते शिवकुमार. म्हणजे खरेदी व्यवस्थापक. म्हणजे मालकांचे धाकटे मेहुणे. बायकांचा हात लागला की कसं बरं दिसतंय, असं ते म्हणाले. वर्षाराणी नांदेडला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, तीही पहिल्या वर्गात, आणि सहा वर्षं ती बिल्वदल अ‍ॅग्रोची प्रयोगशाळा सांभाळत होती. पण सणवार आला की कंपनीला तिची पदवी दिसत नसे, बांगड्या तेवढ्या दिसत.

तिनं रांगोळी काढली. सणाच्या दिवशी कशाला तोंड वाईट करायचं, म्हणून काढली. बायका नोकरीत अर्धी कामं अशीच करतात, आणि मग ती कामं त्यांच्या नावावर कायमची चढतात.

बिल्वदल अ‍ॅग्रो म्हणजे लातूरहून औशाकडं जाताना रस्त्याला लागून असलेली चार पत्र्याची गोदामं, एक वजनकाटा, एक चाळणी आणि एक ऑफिस. शेतकऱ्यांकडून सोयाबीन घ्यायचं, चाळून साठवायचं आणि तेल काढणाऱ्यांना विकायचं, हा धंदा. मालक संगमेश अप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज गोड, आणि कुणालाही नाही म्हणायची सवय नाही. आता ज्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही त्याच्या हाताखाली नाही म्हणायचीच नोकरी वर्षाराणीनं धरली होती. गाडी आली की पोत्यात परखी खुपसून दाणे काढायचे, मीटरमध्ये घालायचे, आणि ओल बारा टक्क्यांच्या वर निघाली तर चिठ्ठीवर लाल शाईनं लिहायचं: परत.

नोकरीला लागताना तिनं पगारावर घासाघीस केली नव्हती. एकच अट घातली होती. मी परत लिहिलं की गाडी परत गेली पाहिजे. अप्पांनी त्या वेळी हात जोडून सांगितलं होतं, "मॅडम, मालाच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा." हे वाक्य तिनं सासरी सांगितलं, माहेरी सांगितलं, शेजारणीला सांगितलं. त्या एका शब्दावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. आणि सहा वर्षांत तो पाळला गेला नाही असं कुणी म्हणू नये. ज्या ज्या वेळी गाडी परत गेल्यानं कुणाचंच काही बिघडत नव्हतं, त्या त्या वेळी तो अगदी कसोशीनं पाळला गेला.

दसऱ्याला नव्या सोयाबीनचा मुहूर्त असतो. पहिली गाडी वाजतगाजत आत घ्यायची, नारळ फोडायचा, शेतकऱ्याला फेटा बांधायचा, ड्रायव्हरला टॉवेल-टोपी द्यायची. त्याच दिवशी यंत्रांचीही पूजा. वजनकाट्याला हार, चाळणीला हार, कॉम्प्युटरला हळदीकुंकू. रांगोळी संपवून वर्षाराणी प्रयोगशाळेत गेली तर टेबल मोकळं. मीटर ऑफिसात, देवांच्या रांगेत बसलेलं. झाकणावर कुंकवाची पाच बोटं, वर झेंडू, आणि शिवकुमार पळीनं तीर्थ शिंपडायला लागलेले. तिनं ते अक्षरशः ओढून घेतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, आणि ओल आधीच माहीत असलेला खात्रीचा नमुना घालून बघितला. आकडा बरोबर आला. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

नऊला गाडी आली. रेणापूरकडच्या किशनरावांची. किशनराव हे काही साधं प्रकरण नव्हतं. ते सांगतील तिकडं त्या भागातल्या बारा गावांचा माल जायचा, आणि पहिली गाडी आमचीच घ्यायची असा शब्द त्यांनी शिवकुमारांकडून आधीच घेऊन ठेवला होता. गाडीला ओवाळायला सुवासिनीचा हात पाहिजे होता आणि कंपनीत सुवासिनी एकच. वर्षाराणीच्या हातात ताट आलं. तिनं बॉनेटला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, कुणीतरी फोटो काढला, सगळ्यांनी आपट्याची पानं वाटली. ताट खाली ठेवून तिनं परखी घेतली, पदर खोचला आणि गाडीवर चढली.

दाणे हातात आले तेव्हाच तिच्या लक्षात आलं. परतीच्या पावसानं झोडपलेलं सोयाबीन, पहिला नंबर लागावा म्हणून ओलंच कापलेलं, ओलंच मळलेलं. मीटरनं एकवीस दाखवला. तिनं दुसऱ्या पोत्यातलं घेतलं, तिसऱ्या पोत्यातलं घेतलं. एकवीस. तिनं लाल पेन काढलं.

"मॅडम, काय करायलाव?" शिवकुमार म्हणाले. "कुंकू तुम्हीच लावलं की आत्ता. कुंकू लावलेली गाडी माघारी जाती व्हय कुठं?"

"ओल एकवीस हाय साहेब. बाराच्या वर आपण घेत नाही."

"ती मीटरची ओल हाय. तीर्थ पडलंय त्याच्यावर."

तीर्थ कुणी पाडलं, हे विचारायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात फेटा बांधलेले किशनराव पुढं झाले आणि त्यांनी कुणावरही न चिडता एवढंच विचारलं की अप्पा, आम्हाला ओवाळायला बोलावलं होतं का ओवाळून घालवायला. अप्पांनी वर्षाराणीकडं बघितलं. मग किशनरावांकडं बघितलं. मग हार घातलेल्या काट्याकडं बघितलं, जणू त्याचंही मत घ्यावं.

"मॅडम, तुमचा शब्द शेवटचा, त्यात काई वादच न्हाई," ते गोड आवाजात म्हणाले. "पण आज सणाचा दिवस हाय. यंत्रं पूजेला बसलीत. पूजेतल्या यंत्राचा आकडा धरायचा नसतोय. उद्यापासून तुमचंच."

शिवकुमारांनी त्यावर कळस चढवला. तपासायचं ते तुमचं काम, घ्यायचं का न्हाई ते आमचं, असं त्यांनी चारचौघांत, ड्रायव्हरसमोर, हमालांसमोर सांगितलं. तिची परत लिहिलेली चिठ्ठी त्यांनी घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. वर्षाराणीच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिनं धुळीवर ढकललं.

गाडी घ्यायची ठरली, आता उतरवायची कुठं हा प्रश्न. तो प्रश्न ग्यानोबा मामांचा. ग्यानोबा म्हणजे गोदामाचे मुकादम. एकतीस वर्षं पोत्यांत गेलेला माणूस. त्यांना मीटर लागत नसे. दाणा दाढेखाली धरायचे, आवाज ऐकायचे आणि आकडा सांगायचे. वर्षाराणीच्या मीटरशी तो अर्ध्या-पाऊण आकड्यानं चुकायचा, आणि तो चुकला की ती मनातल्या मनात जरा खूश व्हायची. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नाही, पण खरं होतं.

ग्यानोबांनी एक दाणा चावला आणि थुंकला. दाढेखाली कटकन फुटायचा तो दाणा चिक्कीसारखा चिकटला. ते तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले की माल अंगणातल्या सिमेंटवर पसरू, वितभर थर, दिवसातून चारदा उलथू, आठ दिवसांत वाळंल. कुणाचं नुकसान न्हाई, कुणाचा बोभाटा न्हाई.

चांगलं सांगत होता बिचारा. पण वर्षाराणीच्या डोक्यात त्या वेळी सोयाबीन नव्हतंच. तिच्या डोक्यात शिवकुमारांचा खिसा होता. हा माल पसरून वाळवला तर आठ दिवसांनी तो बाराचा होईल, आणि मग शिवकुमार म्हणणार, बघा, मॅडमचं मीटरच बिघडलं होतं. तिला तो माल ओलाच पाहिजे होता. एकवीसचा एकवीस. तिनं तिथल्या तिथं एक डबाभर नमुना काढून हवाबंद केला, नांदेडच्या एका तपासणी केंद्राकडं पाठवायला. आणि बाकीच्या मालाबद्दल ग्यानोबांना सांगितलं की तीन नंबर गोदामाच्या रिकाम्या खणात ढीग करा, वर ताडपत्री टाका, चारी बाजूंनी बांधा. त्यावर तिनं स्वतःच्या सहीचा कागद लावला: नमुना माल. अहवाल येईपर्यंत हात लावू नये.

ग्यानोबा डोकं खाजवत उभे राहिले. "ताई, वला माल झाकला की तापतोय. म्या बगितलंय. पसरू द्या."

"ग्यानोबा, तपासणी माझ्याकडं हाय. तुमच्याकडं पोती उचलायचं काम हाय, तेवढं करा."

मामा हा शब्द त्या वाक्यात नव्हता. त्यांनी तो नसलेला ऐकला असावा, कारण ते तसेच मागं वळले. हमालांना हाक मारली, माल उतरवला, ढीग केला, ताडपत्री टाकली, बांधली. काम चोख केलं.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा प्रयोगशाळेच्या दारात आले. चपला बाहेर काढून आत आले, कारण ती चपलांवरून बोलायची. ताडपत्रीखाली कोपरापर्यंत हात घालून बघितला होता, आत गरम लागतंय, तुमचा कागद हाय म्हणून तुम्हाला विचारायला आलोय, असं त्यांचं म्हणणं. वर्षाराणीनं सांगितलं की अहवाल दोन दिवसांत येतोय. तिला काय कळत नव्हतं असं नाही. दाणा ओला असला की श्वास घेतो, श्वासानं तापतो, हे तिनं एम.एस्सी.ला लिहून चांगले गुण मिळवले होते. पण अहवाल यायच्या आधी ताडपत्री उघडली तर शिवकुमार म्हणतील, बघा, बाईंनीच मालात ढवळाढवळ केली. दोन दिवसांनी काय होतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. ग्यानोबांनी चपला घातल्या आणि गेले.

अहवाल लांबलाच. सहाव्या दिवशी, कोजागरी होऊन गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी, तीन नंबरच्या पत्र्याच्या फटीतून पांढरं काहीतरी वर जायला लागलं. पहिल्यांदा ते शिवकुमारांना दिसलं आणि त्यांनी आग लागली असं जाहीर केलं. हमाल धावले, अप्पा आले, वर्षाराणी आली. ग्यानोबा आधीच दारात उभे होते. ते सगळ्यांना परोपरीनं सांगत होते की धूर न्हाई, वाफ हाय, जळका वास येतोय का बगा, आंबूस येतोय. ताडपत्री काढा, फावडी घ्या, माल अंगणात वढा, तासाभरात गार व्हतंय.

"तुम्ही काय अग्निशमनवाले हाव का?" शिवकुमारांनी विचारलं आणि बंब बोलावला.

बंब आला. बंबावरचा जमादार शहाणा माणूस होता. त्यानं आत डोकावलं, वास घेतला आणि म्हणाला की यात आग काही दिसत नाही, पाणी मारू नका, माल बाहेर काढा. म्हणजे नेमकं ग्यानोबाचंच म्हणणं. शिवकुमारांनी त्याला सांगितलं की तुमचं काम पाणी मारायचं हाय, बोलावलं कशाला मग, मारा. अप्पा हात जोडून म्हणाले की एवढ्या लांबून आलात, थोडं तरी मारा. त्यांना रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवायची सवयच नव्हती. जमादारानं लेखी मागितलं, शिवकुमारांनी कंपनीच्या लेटरहेडवर लेखी दिलं, आणि बंबातलं सगळं पाणी तीन नंबर गोदामात गेलं.

आता सोयाबीनला पाणी लागलं की ते फुगतं. हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही, घराघरात मूग भिजत घालणाऱ्या बाईला हे माहीत आहे. मुहूर्ताचा माल भिजला तो भिजलाच, पण पाणी दाराशी जरा तुंबलं आणि मधल्या विटांच्या भिंतीखालून पलीकडच्या खणात गेलं. तिथं गेल्या हंगामातला सोन्यासारखा माल छातीएवढा भरलेला. वर्षाराणीनंच पास केलेला, दहा-अकराच्या आतबाहेरचा. तो रात्रभर निवांत पाणी पीत बसला. सकाळी पावणेदहाला मधली भिंत दोन्ही बाजूंनी ढकलाढकली सहन न होऊन शेवटी एका बाजूला आडवी झाली. जुना माल आणि नवा माल एक झाला. कुणाला लागलं नाही, ही त्यातल्या त्यात शिवकृपा.

नांदेडचा अहवाल अकराला आला. ओल एकवीस पूर्णांक दोन. वर्षाराणीचा आकडा तंतोतंत बरोबर होता. ती तो कागद हातात घेऊन पडलेल्या भिंतीसमोर उभी राहिली, आणि सांगायला लाज वाटते पण सांगितलं पाहिजे, तिला आनंद झाला. मग वास आला. मग आनंद गेला.

दुपारी अप्पांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. वर्षाराणी समोर खुर्चीवर, शिवकुमार अप्पांच्या शेजारी, ग्यानोबा दाराला टेकून उभे. शिवकुमारांनी सुरुवात केली. त्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. बॉनेटला कुंकू लावणारी वर्षाराणी, चेहऱ्यावर हसू. एवढ्या आनंदानं स्वीकारलेली गाडी मॅडम पाच मिनिटांत परत म्हणतात, याचा अर्थ काय घ्यायचा, असा त्यांचा सवाल. मग त्यांनी गोदामातून काढून आणलेला तिचा कागद दाखवला. हात लावू नये, आणि खाली तिची सही.

वर्षाराणीनं अहवाल पुढं ठेवला. अप्पांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"म्हणजे माल वला होता, हे मॅडमचं खरं," अप्पा म्हणाले. "मुहूर्ताला गाडी घ्यावी लागती, हे शिवकुमारचं खरं. मग वला माल झाकला कुणी? या कागदावर झाका असं कुठं लिवलंय?"

नव्हतं लिहिलं. हात लावू नये एवढंच लिहिलं होतं. झाका हे ती तोंडानं बोलली होती, आणि ऐकायला एकटे ग्यानोबा होते. अप्पांनी मान वळवून दाराकडं बघितलं.

"ताडपत्री माझ्याच मानसांनी टाकली अप्पा," ग्यानोबा म्हणाले.

"टाका म्हणून कुणी सांगितलं?"

ग्यानोबांनी वर्षाराणीकडं बघितलं. तक्रार म्हणून नव्हे. जेवायला बसलेल्या घरात पाहुणा आला की माणूस थोडं सरकून जागा करतो, तशी त्यांनी तिला जागा करून दिली. बोलायचं तर बोला, म्हणून. आणि वर्षाराणीनं काय केलं? तिनं अहवालावरचा शिक्का वाचायला घेतला. तो शिक्का गोल होता आणि वाचायला तसा अवघडच होता.

तिच्या मनात त्या वेळी एक मोठा हिशेबी युक्तिवाद चालू होता. आपण कबूल केलं तर एकवीस पूर्णांक दोनला काही अर्थ राहणार नाही. शिवकुमार म्हणतील, मुळात चूक बाईंचीच. मग पुढच्या वर्षी परत या शब्दाला कुत्रं विचारणार नाही. आपला शब्द टिकणं कंपनीच्याच हिताचं आहे. युक्तिवाद बिनचूक होता. फक्त त्यात ग्यानोबा कुठंच नव्हते.

"गोदाम माझं हाय," शेवटी ग्यानोबाच म्हणाले. "तितं जे व्हईल ते माझंच."

अप्पा दयाळू. एकतीस वर्षांच्या माणसाला त्यांनी काढलं नाही. वयही झालंय, दगदग नको, असं म्हणून त्यांनी ग्यानोबांना गेटावर बसवलं. खाकी शर्ट आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही. शिवकुमारांचं काय झालं म्हणाल, तर किशनरावांनी शब्दाप्रमाणं बारा गावांचा माल पाठवायला सुरुवात केली होती, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन झालं.

दिवाळीनंतर अप्पांनी नांदेडहून एक व्याख्याते बोलावले. विषय होता, कामाच्या ठिकाणी परस्परांच्या ज्ञानाचा आणि अधिकाराचा आदर. व्याख्यात्यांची ओळख शिवकुमारांनी करून दिली आणि ती व्याख्यानाच्या निम्म्याएवढी झाली. मग व्याख्याते बोलायला लागले की शिवकुमार मध्येच उठून, साहेबांना काय म्हणायचंय ते मी सोपं करून सांगतो, असं म्हणायचे. असं चार वेळा झालं. व्याख्याते शेवटी पाणी पिऊन खाली बसले. आभार मानायला आणि नारळ द्यायला वर्षाराणीला बोलावलं, कारण ताट तिच्याच हातात होतं.

त्याच कार्यक्रमात अप्पांनी जाहीर केलं की आजपासून बिल्वदलमध्ये कुणी कुणाच्या कामात तोंड घालायचं नाही. प्रत्येकाच्या दारावर पाटी लागेल. आणि मॅडमचं म्हणणं सहा वर्षं आपण नीट ऐकलं नाही, ती चूक दुरुस्त करायची म्हणून गोदामाचा कारभारही आता मॅडमकडंच. पद, गुणवत्ता आणि साठवण प्रमुख.

वर्षाराणी उठून म्हणाली की अप्पा, साठवणीतलं मला तेवढं कळत नाही. खरंच म्हणाली. पण हळू म्हणाली, आणि एकदाच म्हणाली.

"तुम्ही एवढं शिकलेल्या," अप्पा म्हणाले. "पोती लावण्यात काय कळायचं असतंय? आता तुमचा शब्द गेटापासून भिंतीपर्यंत शेवटचा."

सहा वर्षं जे मागितलं ते असं दुपटीनं पदरात पडलं. तिनं नेमणुकीचं पत्र घेतलं. घरी पेढे नेले. सासूबाईंनी पत्र देवापुढं ठेवलं. नव्या पाटीवर स्वतःचं नाव वाचताना तिला बरं वाटलं नाही असं म्हणता येणार नाही. रोज सकाळी गेटातून आत येताना मात्र ती फोनवर बोलत यायची. पलीकडं बहुतेक वेळा कुणी नसायचं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आभाळ भरून आलं. अवेळी, दाट, औशाच्या बाजूनं. रस्त्यावर रेणापूरकडच्या अकरा गाड्या रांगेत उभ्या, माल बरा, ओल साडेअकराच्या आसपास, आणि कुठल्याही क्षणी पाऊस. हमाल प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. थप्पी कुठल्या गोदामात मारायची, ताई? तीन नंबरची नवी भिंत अजून ओली हाय, तिला लागून मारायची का सोडून? किती थर? खाली फळ्या टाकायच्या का भुसा? वारं औशाकडून यायलंय, दार कुठलं लावायचं? एकेक प्रश्न साधा होता. एकाचंही उत्तर तिच्या पुस्तकात नव्हतं. शिवकुमार व्हरांड्यात चहा पीत उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड घालत नव्हते. तुमचं खातं, मॅडम, एवढंच त्यांनी कपानं खूण करून सांगितलं.

दहा मिनिटं थांबा, असं हमालांना सांगून ती गेटाकडं निघाली. चालत निघाली आणि अर्ध्या वाटेपासून जवळजवळ पळाली.

ग्यानोबा स्टुलावर बसले होते. खाकी शर्ट इस्त्रीचा, मांडीवर वही. ती येताना दिसली तसे ते उठून उभे राहिले. तिनं आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. तिला खूप काही बोलायचं होतं, त्या दिवशीचं, ताडपत्रीचं, त्या खोलीतल्या गप्प बसण्याचं. चार शब्दांचं काम होतं. पण आभाळ गडगडलं आणि तिच्या तोंडून दुसरंच आलं.

"मामा, अकरा गाड्या हायेत. पाऊस येतोय. माल कुठं लावू?"

ग्यानोबांनी आभाळाकडं बघितलं. मग गाड्यांकडं. मग लांब दिसणाऱ्या चार पत्र्यांकडं, एकापासून चारपर्यंत, सावकाश. त्यांना उत्तर माहीत होतं. ते त्यांच्या डोळ्यांत इतकं स्पष्ट होतं की तिनं हात पुढं करून घ्यावं.

"मला गोदामातलं काय कळतंय, मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काही नव्हतं. "माझ्याकडं गेट हाय. गाडीचा नंबर लिवायचा, मानसाचा टाइम लिवायचा. दुसऱ्याच्या कामात बोलायचं न्हाई असं अप्पांनी सांगितलंय सगळ्याला. तुम्हीबी व्हताव की तितं."

पहिला थेंब वहीवर पडला. त्यांनी तो बाहीनं पुसला आणि पान उलटलं.

"तुम्ही भाईर चाललाव का आत?" त्यांनी अदबीनं विचारलं. "तसं लिवावं लागतंय."

"आत," वर्षाराणी म्हणाली.

ग्यानोबांनी चौकीच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहिली आणि सहीसाठी पेन तिच्यापुढं केलं.